लिमिटच्या वर गेले छत्तीसशे, दंड मात्र आठ लाखांवर

वाचकाचं पत्र:

“उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन पोरं कामाला. हायड्रॉलिकचे पार्ट करून देतो. मिस्टर मशीनवर असतात, हिशेब मी बघते. बँकेत आठ लाखांचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खातं आहे, तेवढ्या लिमिटपर्यंत लागतील तसे पैसे उचलतो. तीस जूनला व्याजाचे ७,४८० रुपये पडले आणि खातं ८,०३,६८० वर गेलं. अकरा जुलैला गोकुळ शिरगावच्या पार्टीचे पैसे आले आणि खातं परत लिमिटच्या आत आलं. पण मधे एक जुलैला ‘टीओडी चार्जेस’ (लिमिटबाहेर तात्पुरतं उचलल्याचे) म्हणून ५०० आणि त्यावर जीएसटी ९० कापले. महिनाअखेरीला ‘पीनल’ म्हणून १,३१५ आणि त्यावर जीएसटी २३६.७०. पाच महिने हेच चाललंय, दहा हजार सातशेच्या घरात पैसे गेले. काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘सिस्टमन तगोंडैत्री’, म्हणजे सिस्टमनंच घेतलंय. मॅनेजर म्हणतात, लिमिट मोडलं की एवढं लागतंच, असंच चाललं तर खातं खराब होईल. मार्चमध्ये लिमिट रिन्यू करायचंय. भांडावं की गप्प बसावं? ता. क. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्या-देण्याचा महिन्याचा तक्ता, बँकेत कधी दहा तारखेला जातो, कधी पंचवीसला.”
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

ताई,

गप्प बसू नका. काउंटरवर जाऊन भांडूही नका, कारण त्या मुलीच्या हातात खरंच काही नसतं. लिहून विचारा. काय लिहायचं ते पुढं सांगते. पण आधी तुमच्या स्टेटमेंटबद्दल बोलू. तुम्ही पट्टी धरून लाल पेन्सिलीनं ओळी मारून झेरॉक्स पाठवलीत, त्यामुळं माझं अर्धं काम झालं. मी बँकेत तीस वर्षं काढली. इतक्या नीट खुणा केलेलं स्टेटमेंट घेऊन येणारी माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली.

त्या १,३१५ रुपयांपाशी मी थांबले. कॅल्क्युलेटर घेऊन उलटा हिशेब केला. आठ लाख, दोन टक्के, तीस दिवस, भागिले ३६५. बरोबर १,३१५ येतात. म्हणजे बँकेनं तुमच्या सगळ्या लिमिटवर, पूर्ण महिनाभराचा, वर्षाला दोन टक्क्यांनी दंड लावलाय. तुम्ही लिमिटच्या बाहेर किती होता? ३,६८० रुपये. किती दिवस? अकरा. तेवढ्याच रकमेवर तेवढ्याच दिवसांचा दोन टक्क्यांनी दंड काढला तर तो होतो दोन रुपये बावीस पैसे. त्या जादा रकमेवरचं तुमचं नेहमीचं साडेअकरा टक्क्यांचं व्याज होतं पावणेतेरा रुपये. व्याज घेण्याचा बँकेला पूर्ण हक्क आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कुठं पंधरा रुपये आणि कुठं तेराशे पंधरा!

रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला कर्जखात्यांवरच्या दंडाबद्दल परिपत्रक काढलं. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं आणि जुन्या कर्जांना रिन्यूअलच्या वेळी, उशिरात उशिरा ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. सरकारी बँका, खाजगी बँका, ग्रामीण बँका, अर्बन को-ऑपरेटिव्ह बँका, फायनान्स कंपन्या, सगळ्यांना हे नियम बंधनकारक आहेत. क्रेडिट कार्डासारखे काही अपवाद आहेत, पण सीसी आणि ओव्हरड्राफ्ट त्या अपवादांत नाहीत.

त्यातल्या चार गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. व्याजदरात दोन टक्के वाढवून ‘दंडव्याज’ घेणं बंद. दंड घ्यायचा तर तो वेगळा आकार म्हणून दाखवायचा. त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. चूक जेवढी तेवढ्याच मानानं दंड असला पाहिजे, वाजवी असला पाहिजे. आणि तो किती व कशासाठी हे कर्जाच्या करारात आणि बँकेच्या वेबसाइटवर लिहिलेलं हवं. लावला की ग्राहकाला कारणासकट कळवायलाही हवं. पुढं जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं प्रश्नोत्तरं काढून आणखी स्पष्ट केलं, की पैसे थकल्याबद्दलचा दंड फक्त थकलेल्या रकमेवरच लावता येतो. तुमच्या प्रकरणात सगळ्यात वजनदार वाक्य हेच आहे.

आता मात्र एक अडचण सांगते, कारण बँक तुम्हाला नेमकी तिथंच गाठेल. तुमच्या स्टेटमेंटवर नुसतं ‘पीनल’ एवढंच छापलंय. तो दंड लिमिट ओलांडल्याचा आहे की स्टॉक स्टेटमेंट उशिरा दिल्याचा? तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की स्टॉक स्टेटमेंट कधी दहा तारखेला जातं, कधी पंचवीसला. हे जाता जाता लिहिण्यासारखं नव्हतं, ताई. स्टॉक स्टेटमेंटच्या उशिराचा दंड वेगळ्या हिशेबानं लागू शकतो आणि तो कसा, हे तुमच्या सँक्शन लेटरमध्ये (कर्जमंजुरीच्या पत्रात) लिहिलेलं असणार. म्हणून पहिला प्रश्न रकमेचा विचारू नका, कारणाचा विचारा. ते सांगणं त्यांचं कर्तव्यच आहे.

आणि स्टॉक स्टेटमेंटचा विषय निघालाच आहे तर डीपी बघा. ड्रॉइंग पॉवर. आपल्याकडं बरेच जण सँक्शन लेटरवरचा आकडा हेच लिमिट समजतात, आणि तिथंच फसतात. समजा तुमच्याकडं राउंड बार, तयार पार्ट मिळून ६,२०,००० चा माल आहे. पार्ट्यांकडून येणं ७,१०,०००. स्टीलवाल्याचं देणं ३,००,०००. बेरीज-वजाबाकी करून उरले १०,३०,०००. त्यातून पंचवीस टक्के मार्जिन बँक काढून ठेवते. राहिले ७,७२,५००. त्या महिन्यात तुम्हाला एवढेच उचलता येतात. आठ लाखांचं लिमिट कागदावरच. शिवाय नव्वद दिवसांपेक्षा जुनं येणं बहुतेक बँका धरतच नाहीत, म्हणजे पार्टीनं पैसे लांबवले की तुमचा डीपीही घसरतो. स्टेटमेंट वेळेवर गेलं नाही तर बँक जुन्याच आकड्यावर राहते, किंवा डीपी शून्यच धरते. तेव्हा जून ते ऑक्टोबर, प्रत्येक महिन्याचा डीपी किती धरला होता, हे लेखी मागा. समजा तो वरच्या उदाहरणासारखा ७,७२,५०० निघाला, तर तीस जूनला तुम्ही ३१,१८० रुपयांनी बाहेर होता. पूर्ण तीस दिवस तसंच राहिलं असं धरलं तरी दोन टक्क्यांनी दंड होतो एक्कावन्न रुपये. तेराशे तरीही होत नाहीत.

जीएसटीचं तर मला फारच वाईट वाटलं, कारण हे बेळगावातल्या किती वर्कशॉपवाल्यांकडून, दुकानदारांकडून कापलं जात असेल कोण जाणे, आणि कुणी बघतही नाही. रिझर्व्ह बँकेच्या त्या नियमाखाली घेतलेल्या दंडावर जीएसटी लागत नाही. जीएसटी कौन्सिलच्या डिसेंबर २०२४ च्या बैठकीत तसं ठरलं आणि २८ जानेवारी २०२५ ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं २४५ नंबरचं परिपत्रक काढून सांगितलं. म्हणजे ते २३६ रुपये ७० पैसे घ्यायलाच नको होते, मग मूळ दंड बरोबर असो वा चूक. पाचशेवरच्या नव्वद रुपयांचं थोडं वेगळं आहे. बँक म्हणेल, हा दंड नव्हे, सेवाशुल्क आहे. मग विचारा: सेवा कोणती दिली? दरपत्रकात कुठल्या ओळीवर आहे? आणि एकाच चुकीसाठी शुल्कही आणि दंडही, असं दोनदा कशासाठी? दंड म्हणाले तर जीएसटी परत द्यावा लागेल. शुल्क म्हणाले तर दरपत्रक दाखवावं लागेल. तुमचा जीएसटी नंबर असेल आणि या रकमेचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल, म्हणजे हा जीएसटी तुमच्या भरायच्या करातून वळता केला असेल, तर सीएंना आधी सांगून ठेवा. दोन्हीकडून घेता येणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. जुलैअखेरीला पडलेले ते तेराशे पंधरा तुमच्या सीसी बाकीतच मिसळले. ऑगस्टचं व्याज त्या फुगलेल्या बाकीवर निघालं. महिन्याला साडेबारा रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण दंडावर व्याज घ्यायचं नाही हा नियम इथं सरळ मोडतो, आणि वरिष्ठ कार्यालयातला माणूस हा मुद्दा वाचून फाइल बाजूला ठेवू शकत नाही. म्हणून अर्जात घाला. शिवाय हीच फुगलेली बाकी पुढच्या महिन्यात तुम्हाला पुन्हा लिमिटच्या काठावर ढकलते. जुलैमध्ये २,१४१ रुपये तुमच्या हातून खर्च झाले नाहीत, बँकेनंच टाकले, आणि ऑगस्टला तुम्ही तेवढ्यानं जास्त काठाशी आलात. पाच महिने तेच चक्र फिरलं, याचं मोठं कारण हे आहे.

अर्ज असा लिहा. शाखाधिकाऱ्यांच्या नावानं, एकाच पानात:

“आमच्या सीसी खात्यात जून ते ऑक्टोबर या काळात सोबतच्या तक्त्याप्रमाणे रकमा नावे टाकल्या आहेत. कृपया प्रत्येक रकमेसाठी कळवावे: ही रक्कम कोणत्या अटीच्या भंगाबद्दल आहे, ती अट सँक्शन लेटरच्या कोणत्या कलमात आहे, किती रकमेवर, किती दिवसांसाठी, कोणत्या दराने आकारली आहे, आणि त्याची सूचना आम्हाला कोणत्या तारखेला दिली. त्या त्या महिन्याचा डीपी किती धरला होता तेही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार जादा आकारलेली रक्कम, त्यावर निघालेले व्याज आणि दंडावरील जीएसटी आमच्या खात्यात परत जमा करावा.”

एवढं पुरे. ‘आम्ही इतकी वर्षं तुमचे ग्राहक आहोत’, ‘आम्हा मराठी लोकांना मुद्दाम त्रास’ असलं काही त्यात घालू नका. मनात येणं साहजिक आहे, मला कळतं. पण हीच कापाकापी चिकोडीच्या कन्नड दुकानदाराच्या खात्यातही झालेली मी पाहिली आहे. हिशेबाचा मुद्दा भाषेच्या मुद्द्याखाली गाडला गेला की बँक सुटते. अर्ज मराठीत द्या, काही हरकत नाही, फक्त त्याच्याखाली इंग्रजीतही तोच मजकूर असू द्या, कारण उत्तर ठरवणारा माणूस तुमच्या शाखेत बसत नाही. सोबत तक्ता: तारीख, नाव, रक्कम, त्या दिवशीची बाकी. तो तुमच्या लाल खुणांवरून अर्ध्या तासात होईल.

दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘नाळे बर्री’ म्हणाले, उद्या या म्हणाले, शिक्का संपलाय म्हणाले, तर वाद घालू नका. तिथूनच पोस्टात जा आणि स्पीड पोस्टनं पाठवा, तीच पोच. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार ईमेलवरही टाका. तक्रारीचा नंबर आला की वहीत लिहून ठेवा.

तीस दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारे रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. २०२१ पासून सगळ्या देशाला एकच योजना आहे. पूर्वी शाखा कुठं, हद्द कुणाची, यात आपल्या सीमेवरच्या माणसांचा फार वेळ जायचा. खातं बेळगावात आणि बँकेचं मुख्य कार्यालय कोल्हापूर-सांगलीकडं, तर अर्ज कुठं करायचा इथंच अडायचं. आता हद्दीचा प्रश्न नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करा, किंवा कागदावर लिहून चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राला पोस्टानं पाठवा. फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर फोन करून विचारता येतं, आणि तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांची सोय आहे. पण बँकेकडं आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तिथून तक्रार परत येते, म्हणून त्या शिक्क्याचं इतकं सांगितलं.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकते. तुमचं खातं सौहार्द सोसायटीत किंवा पतसंस्थेत असेल तर हे लोकपाल तुमचे नाहीत. बोर्डावर मोठ्या अक्षरांत काहीही लिहिलेलं असलं तरी ती बँक नव्हे. सौहार्द संस्था कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखाली चालतात आणि दाद सहकार खात्याकडं मागावी लागते. वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांची बरीच खाती अशा संस्थांत आहेत, त्यांनी आधी पासबुकावरचं नाव नीट वाचावं.

आता मॅनेजर म्हणाले ते ‘खातं खराब होईल’. सीसी खातं लिमिटच्या किंवा डीपीच्या बाहेर सलग नव्वद दिवसांहून जास्त राहिलं तर ते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. तीस दिवसांपुढं गेलं की त्या आधीच्या धोक्याच्या यादीत नाव लागतं. शिवाय नव्वद दिवस खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जमा इतकी थोडी की पडलेलं व्याजही भागत नाही, तरी खातं बिघडलं असं धरतात. तुम्ही अकरा दिवस बाहेर होता आणि जमा नियमित आहे. बाकीच्या चार महिन्यांतही, तुमच्या खुणांवरून, जास्तीत जास्त चौदा दिवस. त्यामुळं ती भीती मनातून काढा. मात्र डीपी कमी निघाला तर दिवस वेगळे मोजले जातील, म्हणून तो आकडा हातात आल्याशिवाय निर्धास्त राहू नका.

राहिला मार्चचा रिन्यूअल. तुमची खरी धास्ती तीच आहे, पत्र वाचताना जाणवलं. मी निपाणीच्या शाखेत असताना एक तंबाखूचे व्यापारी काका दर तिमाहीला लाल कापडाच्या वहीत स्वतः व्याज काढून आणायचे. एकदा त्यांचं आणि आमचं ११८ रुपयांनी जुळेना. माझे साहेब चिडले, एवढ्या मोठ्या व्यापाऱ्यानं एवढ्याशा पैशांसाठी यावं का म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, “साहेब, पैशासाठी नाही आलो. वही जुळत नाही, झोप येत नाही.” मी संध्याकाळी लेजर उघडून बसले. त्यांचा एक चेक आम्ही दोन दिवस उशिरा जमा धरला होता. दुसऱ्या दिवशी पैसे परत टाकले. त्या वर्षी त्यांचं लिमिट वाढवण्याच्या शिफारशीवर त्याच साहेबांनी सही केली, कारण ज्याची वही इतकी चोख त्याला कर्ज द्यायला बँक कचरत नाही. लिमिट ठरतं ते तुमच्या विक्रीवर, जीएसटी रिटर्नवर, ताळेबंदावर आणि खात्याच्या चालीवर. लेखी, सभ्य अर्ज त्याच्या आड येत नाही. आलाच, तर तोही तुमच्या तक्रारीचाच भाग होईल.

तुमच्या बाजूनं दोन कामं आहेत. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला ठरलेल्या तारखेच्या आत, आणि त्याच्या प्रतीवरही शिक्का. मिस्टरांना माल मोजायला वेळ नसेल तर तुम्हीच महिन्याच्या एक तारखेला रॅकसमोर वही घेऊन उभ्या राहा. दुसरं, महिनाअखेरीला व्याज पडणार हे ठरलेलंच असतं, तेव्हा पंचवीस तारखेपासून खात्यात आठ-नऊ हजारांची जागा मोकळी ठेवा. स्टीलवाल्याचा चेक एक तारखेनंतरचा द्या. गोकुळ शिरगावच्या पार्टीला पंधरा तारखेलाच फोन करा. तुमची लघुउद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आहे ना? असेल तर लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त उधारी ते ठेवू शकत नाहीत, २००६ चा कायदा तसं सांगतो. त्यावर पुन्हा कधी लिहीन.

अर्ज या आठवड्यातच द्या, मार्चपर्यंत थांबू नका. शिक्का मारलेली प्रत, सँक्शन लेटर आणि पाच महिन्यांची स्टेटमेंटं एकाच फाइलमध्ये ठेवा. तीस दिवसांत जे उत्तर येईल ते मला पाठवा, आणि नाही आलं तरी कळवा. लोकपालांकडचा अर्ज मी तुम्हाला लिहून देईन.